हाताची सवय

चौदाव्या आठवड्याच्या लसीला आलेलं लेकरू आणि नवव्या महिन्याच्या लसीला आलेलं तेच लेकरू ही जणू दोन वेगळी माणसं असतात. चौदाव्या आठवड्याला सिस्टरनं गालाला बोट लावलं तरी ते बोळकं पसरून हसतं. सुई टोचली की किंचाळतं आणि मग जो कुणी खांद्यावर घेऊन थोपटेल त्याच्याकडे गप्प होतं. नवव्या महिन्यात मात्र उपकेंद्राच्या उंबऱ्यातच त्याचा चेहरा आक्रसतो. आईच्या कडेवरून ते सिस्टरकडे बघतं, मग वळून आईच्या तोंडाकडे, मग पुन्हा सिस्टरकडे. ही बाई कशी आहे ते आईच्या चेहऱ्यावरून वाचायचं चाललेलं असतं. तेवढ्यात उजव्या दंडात गोवर-रुबेलाची सुई जाते आणि खोली दणाणते.

माण-खटावातलं उपकेंद्र असो की मिरज तालुक्यातली अंगणवाडी, लसीच्या दिवशी हे ठरलेलं. रडतात सगळीच. बघण्यासारखी असतात ती पुढची दोन-तीन मिनिटं. एखादं पोरगं आईच्या मानेत तोंड खुपसतं, पदर मुठीत धरतं, हुंदक्यांवर येतं आणि थोड्या वेळानं त्याच खांद्यावरून सिस्टरच्या खिशातल्या पेनाकडे टक लावून बघू लागतं. दुसरं फारसं रडत नाही, आईकडे वळतही नाही, नजर खिडकीकडे. ‘किती शहाणं आहे!’ म्हणून बायका त्याचं कौतुक करतात. तिसरं आईला गच्च धरतं आणि धरूनच लाथा झाडतं. अर्धा तास झाला तरी निवत नाही. क्वचित एखादं आईकडे झेपावता झेपावता मध्येच थिजतं. जिच्याकडे जायचं तिचीच धास्ती असल्यासारखं.

एका लसीवरून कुणाच्या घराचं निदान करायला निघू नये. पोर उपाशी असेल, झोप मोडलेली असेल, टमटममधून उन्हात आलेलं असेल. पण मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात १९६० च्या दशकात जी चाचणी बसवली, ती याच जातीची. एक वर्षाचं बाळ, खेळणी मांडलेली अनोळखी खोली, आई आणि एक परकी बाई. सगळे मिळून आठ टप्पे, बहुतेक तीन-तीन मिनिटांचे, म्हणजे एकूण वीसेक मिनिटांचं काम. आई दोनदा बाहेर जाते, दोनदा परत येते. सगळ्यात बारकाईनं बघतात ते आई परत आल्यावर बाळ काय करतं ते. १९८८ साली आठ देशांतल्या जवळपास दोन हजार चाचण्या एकत्र मांडल्या गेल्या, तेव्हा साधारण पासष्ट टक्के बाळं पहिल्या तऱ्हेची निघाली: आईकडे आली, निवली, पुन्हा खेळायला गेली. आणि त्या ‘शहाण्या’ बाळांचं काय? त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले तेव्हा ते रडणाऱ्यांइतकेच वाढलेले दिसले. आत घालमेल तीच, पण ती दाखवून उपयोग नाही एवढं ते वर्षभरात शिकलेलं.

या नात्याला पुस्तकांत अनुबंध वगैरे म्हणतात. आपल्याकडे त्याहून नेमका शब्द आधीपासून आहे: लळा. आणि लळा पोटातून लागत नाही, हे १९५८ साली हॅरी हार्लो यांनी माकडांच्या पिल्लांवर दाखवलं. तारेच्या आईला दुधाची बाटली लावली होती, कापडाच्या आईला काहीच नव्हतं. पिल्लं दूध प्यायला तारेकडे जायची आणि दिवसभर कापडाला बिलगून बसायची. त्याच काळात इंग्लंडमध्ये जॉन बोल्बी हेच म्हणत होते: दूध ही एक गरज आणि भीती वाटली की पळत जायला एक ठरलेलं माणूस ही दुसरी, पहिलीइतकीच मूळची.

आता आपल्या घराघरांतलं वाक्य घ्या. ‘सारखं उचलू नको गं, हाताची सवय लागंल.’ हे सांगणारी सासू वाईट नसते. तिनं स्वतः चार पोरं वाढवताना धारा काढल्या, भाकरी थापल्या, भांगलणीला गेली. पोर हातावर राहायला लागलं की काम अडतं, हे तिचं गणित अनुभवाचं आहे. चूक फक्त एवढीच, की त्यात लळ्याला सवय म्हटलंय. तंबाखूची सवय दिली तशी वाढते. हाताचं उलट आहे.

न्यूयॉर्कमधल्या गरीब वस्तीतल्या बाळंतिणींवर झालेला एक अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. ४९ आया. काहींना बाळ छातीशी बांधायची कापडी झोळी दिली, बाकीच्यांना बाळ बसवायची प्लॅस्टिकची खुर्ची. कुणाला काय मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. तेराव्या महिन्यात बघितलं तर झोळीवाल्यांतली त्र्याऐंशी टक्के बाळं पहिल्या, निवणाऱ्या तऱ्हेची होती, खुर्चीवाल्यांतली अडतीस टक्के. अभ्यास लहान आहे, हे खरं. पण मिनेसोटात १९७५ पासून २६७ गरीब आयांच्या पोरांचा पाठपुरावा झाला, त्यात हेच पुढे दिसलं. ज्यांना बाळपणी आईशी भक्कम लळा होता ती पोरं बालवाडीत बाईंच्या पदराला कमी चिकटली. लटकून राहिली ती दुसरी, ‘शहाणी’ धरून.

तरी म्हातारीचं अगदीच मोडीत काढू नये. एन्सवर्थ आणि त्यांच्या सहकारी सिल्व्हिया बेल यांनी १९७२ मध्ये मांडलं, की पहिल्या महिन्यांत रडण्याला लवकर धावलेल्या आयांची बाळं वर्षाच्या शेवटी कमी रडतात. पुढे नेदरलँड्समध्ये याची फेरतपासणी झाली तेव्हा चित्र इतकं सरळ निघालं नाही. कुरकुरीवर क्षणभर थांबल्यानं बिघडत नाही, कधी बाळ आपलं आपण सावरतंही. टाहो वेगळा. टाहोला जायचंच. दोन्हीतला फरक पहिल्या सहा आठवड्यांत आईच्या कानाला कळायला लागतो, आणि त्याच सहा आठवड्यांत रडणं वाढत वाढत टोकाला जातं, निरोगी बाळाचंही, कधी दिवसाला दोन-तीन तास. हे आधी कुणी सांगितलेलं नसतं म्हणून घरात ‘दूध पुरत नाही’ सुरू होतं आणि वरचा डबा येतो.

मग हातानं नेमकं करायचं काय? रडणं ही भुकेची शेवटची खूण आहे. त्याआधी बाळ तोंड उघडून मान वळवतं, मूठ चोखतं, जीभ काढतं. तेव्हाच घेतलं तर ते नीट पितं. रडून लाल झाल्यावर घेतलं तर जीभ टाळ्याला लागलेली असते, धरत नाही, आणि आई म्हणते ‘घेतच नाही’. नवजात बाळाला वीस ते तीस सेंटिमीटरवरचं सगळ्यात बरं दिसतं. अंगावर पिताना आईचा चेहरा बरोबर तेवढ्याच अंतरावर येतो. म्हणून पाजताना डोक्यावरून पदर ओढून अंधार करू नये, बघू द्यावं. तुम्ही बोला, थांबा. त्याच्या हुंकाराला जागा ठेवा. ते उत्तर देतं, फक्त आपल्यापेक्षा सावकाश. आणि मध्येच मान फिरवून भिंतीकडे बघायला लागलं तर ते रुसलेलं नाही, त्याला पुरे झालंय. इथं हमखास चूक होते: खुळखुळा आणखी जोरात, गालाला चिमटा, ‘इकडं बघ, इकडं बघ’. पाच-दहा सेकंद गप्प राहा, ते आपसूक परत येतं.

न्हाऊ घालणाऱ्या बाईकडून हे शिकावं. पाटावर पाय पसरून पोटरीवर पालथं घातलेलं बाळ, एक हात हनुवटीखाली, दुसऱ्या हातानं पाणी, आणि तोंड अखंड चालू. तिच्या बोलण्याचा आणि हाताचा ठेका एकच असतो. पाणी पाठीवर पडायच्या आधी तिचा आवाज चढतो, त्यामुळे बाळाला पुढचं कळतं. नाका-कानात तेल सोडणं आणि बाळाची छाती पिळणं मात्र आता थांबवायला हवं. त्यानं न्यूमोनिया होतो, गळू होतात. बाकी त्या आंघोळीत वाईट काही नाही.

मोबाइलचा विषय टाळता येत नाही. एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात साधा प्रयोग केला. आई बाळाशी नेहमीसारखी खेळते, मग दोन मिनिटं चेहरा निर्विकार ठेवते. बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, ओरडतं, मग मान खाली घालून आपल्याच बोटांशी खेळू लागतं. पाजताना रील बघणारीचा चेहरा त्याच चेहऱ्यासारखा असतो. यावर पोरींना घालून-पाडून बोलायची आपल्याकडे हौस आहे, म्हणून ट्रॉनिक यांचंच दुसरं निरीक्षणही सांगितलं पाहिजे: चांगल्या जमलेल्या आई-बाळांचाही सूर तीस टक्क्यांच्या आसपासच जुळलेला असतो. उरलेला वेळ चुकतं आणि पुन्हा जुळवलं जातं. बाळ शिकतं ते या पुन्हा जुळवण्यातून. फोन बाजूला ठेवून ‘काय रं सोन्या?’ म्हटलं की मोडलेलं सांधतं. दिवसभर एकदाही सांधलं नाही, आणि असे महिने गेले, तर गोष्ट वेगळी.

महिनोन् महिने न सांधण्याचं मोठं कारण फोन नसतो. ते बाळंतिणीचं उदासपण असतं. दोन आठवड्यांनंतरही तिला झोप येत नाही, बाळ झोपलेलं असतानाही येत नाही; बाळाकडे बघून काहीच वाटत नाही; स्वतःला दोष देते. याला वारं लागलंय म्हणून धुरी देतात. आशाताईंच्या घरभेटी दवाखान्यात बाळंत झालेलीसाठी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी असतात. बाळाचं वजन, नाळ, ताप बघून झाल्यावर आईला विचारलेला एकच प्रश्न, ‘तुला कसं वाटतंय?’, तोही सासू चहा करायला गेल्यावर, पुष्कळ काही बाहेर काढतो. हा आजार बरा होतो. औषधं आहेत, त्यातली काही अंगावर पाजतानाही चालतात. डॉक्टरांना सांगायला मात्र हवं.

दुसरी किंवा तिसरी मुलगी झालेल्या घरात हे उदासपण बाळंतिणीचं एकटीचं नसतं, ते भिंतींना लागलेलं असतं. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात ‘नकुशी’, ‘नकोशी’ नावाच्या २८५ मुलींना समारंभानं नवी नावं देण्यात आली. चांगलंच झालं. पण नाव मुलीला कळायला काही महिने लागतात, आणि तिला बघून कुणाचा चेहरा फुलतो, कुणाचा नाही, हे ती त्याच्या कितीतरी आधी वाचते. शाळेच्या दाखल्यावरचं नाव बदलण्याआधीचा तो काळ कुठल्या समारंभात मावत नाही.

कमी दिवसांच्या, काचेच्या पेटीत ठेवलेल्या बाळाचा लळाही अडत नाही, जर छाती लवकर मिळाली तर. कोलंबियात बोगोटा इथं १९७८ साली पेट्या कमी पडल्या म्हणून एडगार रे या डॉक्टरांनी कमी वजनाची बाळं आयांच्या छातीशी बांधली, तीच आजची कांगारू पद्धत. लंगोट, टोपी, मोजे, बाकी उघडं. दोन स्तनांच्या मध्ये उभं, पाय बेडकासारखे, मान एका बाजूला आणि किंचित वर म्हणजे श्वास मोकळा, वरून कापड घट्ट. एका वेळी निदान तासभर. दिवसाला आठ तासांपासून जितकं जमेल तितकं. आई थकली तर बाप, नाहीतर आजी. बापाच्या छातीवर केस असले तरी चालतं, हा प्रश्न खरंच विचारला जातो.

लळा एकट्या आईलाच लागतो असंही नाही. एन्सवर्थ यांचं पहिलं निरीक्षण बाल्टिमोरच्या आधीचं, युगांडातलं. १९५४-५५ मध्ये तिथल्या खेड्यांत घरोघर बसून केलेलं. तिथंही आजी, आत्या, थोरली बहीण या सगळ्यांत पोर वाटलेलं असायचं. बाळाला तीन-चार माणसं पुरतात, त्यांच्यात ते आपली उतरंड लावतं: दुखलं की पहिली आई, ती नसेल तर आजी. हात किती यावर फारसं अडत नाही, सारखे बदलले की अडतं. याचं टोक रुमानियात दिसलं. १९८९ मध्ये तिथली हुकूमशाही कोसळली तेव्हा लाखाहून जास्त मुलं सरकारी संस्थांत होती. अनेक ठिकाणी खाण्याचे आणि स्वच्छतेचेही हाल, आणि पाळी बदलली की माणूस बदललेलं. २००० नंतर बुखारेस्टमध्ये अशी १३६ मुलं निवडून चिठ्ठ्या टाकल्या, निम्मी सांभाळणाऱ्या कुटुंबांत दिली. कुटुंबात गेलेल्यांचा लळा सावरला, आणि दोन वर्षांच्या आत गेलेल्यांचा जास्त सावरला. उशिरा गेलेल्यांचंही काही ना काही सुधारलं. पहिली दोन वर्षं म्हणजे कपाळावरची रेघ, असं यातून निघत नाही. पण नंतर तेच मिळवायला मेहनत कितीतरी जास्त लागते.

इथून पुढचं सगळं वेळेशी येऊन थांबतं. २०१७ पासून कायद्यानं बाळंतपणाची पगारी रजा सव्वीस आठवडे झाली, पहिल्या दोन मुलांसाठी. त्यातले आठ आठवडेपर्यंत आधी घेता येतात. म्हणजे साताऱ्यातल्या बँकेतली किंवा सांगलीतल्या शाळेतली आई कामावर परतते तेव्हा बाळ चार ते सहा महिन्यांचं. परकं ओळखण्याची भीती सातव्या ते नवव्या महिन्यात जोर धरते, तेव्हा सांभाळणारी बाई सहाव्याच्या आत ओळखीची झालेली बरी. कामाला लागायच्या निदान तीन आठवडे आधी तिला घरी बोलवा. पहिला आठवडा तिनं फक्त आईशेजारी बसायचं. बाळाला उचलायची घाई नाही. दुसऱ्या आठवड्यात तिनं भरवायचं, आई त्याच खोलीत. तिसऱ्यात आई अर्धा तास बाहेर, मग तास, मग दुपार. आईच्या जुन्या लुगड्याची वाकळ धुवायला टाकू नका, तिचा वास राहू द्या.

आणि डोळा चुकवून निघू नका. ‘झोपलंय तोवर सटक’ हा सल्ला सगळे देतात, कारण त्यात रडणं ऐकावं लागत नाही. उठल्यावर आई नाही, हे दोन-तीनदा झालं की बाळ झोपायलाच घाबरतं, आणि जागं असताना आईचा पदर सोडत नाही. तोंडावर सांगा, ‘मी जाते, संध्याकाळी येते’, बाईच्या हातात द्या, निघा. दारातून चार वेळा वळून बघू नका. संध्याकाळी आल्यावर कदाचित ते तोंड फिरवेल किंवा बुक्की मारेल. मारू द्या. चप्पल काढून, हात धुऊन आधी दहा मिनिटं त्याला घ्या, कुकर नंतर.

बापाचं थोडक्यात. पाटण-जावळीचा माथाडी मुंबईत, खानापूर-आटपाडीचा सोनं-चांदी गाळणारा गलाईवाला देशाच्या कुठल्या तरी टोकाला, फौजी सीमेवर. यात्रेला घरी आला की दहा महिन्यांचं पोर बघून किंचाळतं आणि सगळे हसतात, ‘बापालाच वळखंना!’ बापाचं तोंड उतरतं, तो उचलायला जातो, पोर आणखी किंचाळतं. तिथंच जमिनीवर बसावं. पोराकडे रोखून बघू नये. आईशी बोलावं, हातात वाटी-चमचा वाजवत ठेवावा. आईच्या मांडीवरून ते पंधरा-वीस मिनिटांत वाटीला हात लावतं. आंघोळ, भरवणं दुसऱ्या दिवसापासून.

ऊसतोडीच्या बाईला यातलं काहीच ठरवता येत नाही. बीडकडून कृष्णाकाठी येणारी असो की जतकडून फडावर जाणारी, उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली जाते ती जोडीवर. नवरा-बायको मिळून एक कोयता. ती मागं राहिली तर कोयताच मोडतो. एक खाडा पडला तर पैसे कापतात. पहाटे तीन-चारला कोपीतून निघायचं, पाचटात दिवसभर, मोळ्या बांधून गाडी भरेपर्यंत रात्र. पाजायला मध्ये येणं फड किती लांब आहे त्यावर. बाळ बांधावर झोळीत, राखणीला सात-आठ वर्षांची बहीण. बाळाचा लळा त्या बहिणीलाच लागतो, आणि तो खरा असतो. फक्त त्याची किंमत तिच्या शाळेनं मोजलेली असते. फडालगत एक सावली, दोन कायमच्या बाया आणि पाजायला पाऊण तासाची सुटी, एवढं कारखाना-मुकादमांनी धरलं तरी दोन पोरं वाचतात.

दुसरा मार्ग म्हणजे बाळ गावी आजीकडे. दिवाळीनंतर आठ महिन्यांचं सोडलेलं. पहिले काही दिवस ते दाराकडे बघत रडतं, मग गप्प गप्प राहतं, कमी खातं, मग एक दिवस हसायला लागतं आणि सगळे म्हणतात, ‘इसरलं’. लंडनच्या इस्पितळांतल्या मुलांमध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी १९५० च्या आसपास नेमके हेच तीन टप्पे नोंदवले होते. आजी मायाळू आणि कायमची असेल तर तिसरा टप्पा पोकळ राहत नाही, तिथं आजी येऊन बसते. अवघड होतो तो एप्रिल. आई परत येते, पोर आता चालतंय, ते आजीच्या लुगड्यामागं लपतं. लाडू दाखवला, खेळणं दाखवलं, येत नाही. अशा वेळी आईनं त्याला ओढून घेऊ नये, आणि आजीनं ‘अगं तुझी आई हाय ती’ म्हणून त्याला ढकलू नये. भाकरी खायला तिघांनी एकत्र बसावं, रात्री पोराला मध्ये घ्यावं. आणि महत्त्वाचं: लेकीकडे जायचं, शेरडं बघायला जायचं असलं काहीही काढून आजीनं निदान पहिला महिनाभर घर सोडू नये. त्याच्या लेखी आता तीच आई असते. ती त्याच अंगणात दिसत राहिली पाहिजे.